घंटेचा सिनेमा

दुपारचे तीन वाजले की उर्बानो डुलत्या खुर्चीत ताठ बसायचा आणि हुकूम सोडायचा, "दिवे घालव." दिवे लागलेलेच नसायचे. ओदालिस मुकाट्याने उठून खिडक्यांच्या झडपा ओढून घ्यायची, कारण गालावर उन्हाची ऊब लागली तर या माणसाला सिनेमा दिसत नसे. सहा वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने त्याचे दोन्ही डोळे नेले होते, पण सिनेमा पाहण्याच्या अटी मात्र जागच्या जागी ठेवल्या होत्या.

ला काओबा गावातल्या 'अल्बा' टॉकीजमध्ये उर्बानोने एकतीस वर्षं यंत्र चालवलं. पुढे टॉकीज बंद पडलं, एका वादळात त्याचं छप्परही गेलं. उर्बानोचं यंत्र मात्र थांबलं नाही, ते आता ओदालिसच्या तोंडाने चालत होतं. सोमवारी जपानी तलवारींचा, बुधवारी मेक्सिकोचा रडका आणि शुक्रवारी घंटेचा. सहा वर्षं हे तीनच सिनेमे. मेक्सिकोच्या सिनेमाला ती मनात सुट्टी म्हणायची, कारण तो आपल्याच भाषेत बोलायचा आणि तिला फक्त कोण कुठे उभं आहे, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलंय एवढंच सांगावं लागायचं. बाकी दोघांना पडद्याखाली भाषांतराच्या ओळी होत्या. त्या चष्मा लावून, माणसागणिक आवाज बदलून, एकही न गाळता वाचायच्या. एखादी गाळली की उर्बानोचा हात वर जायचा. "ती आधी 'नको' म्हणते," तो सांगायचा. त्याला सगळ्या ओळी पाठ होत्या. मग मला कशाला वाचायला लावतोस, असं तिने एकदा विचारलं, तर म्हणाला की प्रार्थना पाठ आहे म्हणून पाद्री मिस्सा बंद करतो का.

वीज गेली की गावभर लोक शिव्या घालत दारात येऊन बसायचे. ओदालिसला तेवढीही सवड नव्हती. टीव्ही काळा पडला की उर्बानो शांतपणे म्हणायचा, "चालू दे, कुठे होतो आपण?" आणि ती कोऱ्या काचेकडे बघत उरलेला सिनेमा तोंडपाठ सांगायची. एकदा अशीच सांगत असताना तिच्या लक्षात आलं की आपण डोळे मिटलेत आणि तरी सगळं दिसतंय. त्या दिवशी तिला पहिल्यांदा भीती वाटली.

बदली माणूस तिने शोधला नाही असं नाही. समोरची मिग्दालिया, जी घरातच बायकांचे केस कापायची, एका सोमवारी हौसेने वाचायला बसली. ती मध्येच "अगं बाई, याला मारलं की!" असं म्हणून थांबायची. अर्ध्या तासात उर्बानोने तिला कॉफी पाजून घरी पाठवलं. दुसरं कोणी नकोच, ओदालिसचाच आवाज हवा. लोक म्हणायचे, काय प्रेम आहे बघा म्हातारा-म्हातारीचं. ओदालिस हसून मान डोलवायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, पण बुक्की मारणारा आंधळा असला की ओरडायचीही सोय राहत नाही.

तिन्हींत उर्बानोचा जीव होता घंटेच्या सिनेमावर, आणि खरं सांगायचं तर साऱ्या ला काओबाचा. पोलंडहून आलेला, काळा-पांढरा, नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून घंटेचा. एक नावाडी आणि त्याची बायको, थंड प्रदेशातली रुंद नदी, दोन्ही काठांना टांगलेल्या दोन घंटा. पलीकडून कोणी घंटा वाजवली की नावाडी तराफा घेऊन जातो. बायको त्या काठावर आतल्या आत घुसमटते. शेवटी एक दिवस आरशासमोर बसून कात्रीने आपली लांब वेणी कापते, सुटकेस उचलते आणि निघते. नवराच तिला पलीकडे सोडतो. काठावर तो विचारतो, "तुला न्यायला कधी येऊ?" ती म्हणते, "घंटा ऐकू आली तर ये." आणि रस्त्याने चालू लागते. पुढच्याच रिळात बर्फ पडतंय, कोणीतरी घंटा वाजवतंय, आणि सुटकेस घेतलेली ती उभी आहे. नावाडी तिला घेऊन येतो. ती टेबलाशी बसते, तो पुढ्यात सूप ठेवतो, आणि जेवताना दोघं एक अक्षर बोलत नाहीत. समाप्त.

या शेवटावर ला काओबाने रडून रडून रुमाल भिजवले होते. आता त्यात दोन-तीन गोष्टी जुळत नव्हत्या हे खरं. जाताना केस मानेपर्यंत कापलेले, परत येते तेव्हा वेणी कमरेपर्यंत. गावाने त्याचाही उलगडा केला होता. मिग्दालियाची आई, जी तेव्हा केस कापायची, तिने भर चौकात जाहीर केलं की केस महिन्याला बोटाच्या रुंदीएवढे वाढतात, तेव्हा ही बाई निदान चार वर्षं बाहेर होती. त्यामुळे शेवट आणखी करुण झाला. कुत्र्याचंही तसंच. ती जाते त्याआधी नावाडी म्हणतो, कुत्रा गेल्यापासून रात्री फार शांत असतात, आणि ती परत येते तेव्हा तोच ठिपक्यांचा कुत्रा तिच्या अंगावर उड्या मारतो. बिचाऱ्याने एकटेपणात हुबेहूब दुसरा पाळला, असं ठरलं. कुत्रा तिला ओळखतो कसा, हे शाळामास्तरांनी विचारलं होतं. त्यांना लोकांनी गप्प केलं.

मार्च लागला आणि एका रविवारी सोईलाचा फोन आला. सोईला ओदालिसची थोरली बहीण, समुद्रकाठी गिबारात राहणारी. भावंडांत आता या दोघीच उरल्या होत्या. एकतीस तारखेला सोईलाला सत्तर वर्षं पुरी होत होती. तिने फार काही मागितलं नाही. पंधरा दिवस ये, म्हणाली, ओसरीवर बसू, मासळी खाऊ, आईच्या गोष्टी काढू. मला एकटीला आता सगळ्या आठवत नाहीत.

ओदालिसने फोन ठेवला तेव्हा तिला समुद्राचा वास आल्यासारखं झालं. सहा वर्षांत ती एक रात्रही गावाबाहेर राहिली नव्हती. उर्बानोला ताटातला भात शोधून खाता येत होता, भिंतीला हात लावत न्हाणीघरापर्यंत जाता येत होतं, आणि जेवण पोचवायला मिग्दालिया तयार होती. अडत होतं ते फक्त सिनेमापाशी. तिने विषय काढला. उर्बानो म्हणाला, "जा की. मी काय तुला बांधून ठेवलंय?" मग खुर्ची डोलवत पुढे म्हणाला, "शुक्रवार काय, बसेन अंधारात. मला तर सगळाच अंधार." झालं. सोईलाला तिने कळवलं की जमणार नाही. वर्षभरातला हा तिसरा नकार.

त्याच आठवड्यात घंटेच्या सिनेमाची तबकडी बिघडली. ती तबकडी म्हणजे तरी काय होतं? टॉकीज बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी संस्कृती केंद्राच्या माणसाने पडद्यासमोर कॅमेरा ठेवून शेवटचा खेळ उतरवून घेतला होता, त्याचीच ती नक्कल. तिच्यात नदीच्या आवाजाबरोबर सारं गाव खोकत होतं. औषधवाले इलारिओ, जे नंतर दोनच वर्षांत गेले, ते तिसऱ्या रिळात हमखास खोकायचे आणि उर्बानो म्हणायचा, "आले इलारिओ." शुक्रवारी पाचव्या रिळात चित्र अडकलं. नावाड्याची बायको तोंड उघडं टाकून थिजली ती हलेचना. ओदालिसने तबकडी काढली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तिथेच.

खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिच्या मनात आलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासताना चक्क गुणगुणली. पण आनंद चार दिवस टिकला. उर्बानो बोलायचा थांबला. जेवण चिवडून ठेवू लागला. शुक्रवारी तीन वाजता तो बंद टीव्हीसमोर ताठ बसला, आणि दर दहा मिनिटांनी त्याचा उजवा हात आपोआप वर जाऊन खाली आला. यंत्रघरात असताना रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा आणि तो दुसरं यंत्र सुरू करायचा, तीच ती सवय. रिकाम्या खोलीत आठ वेळा हात वर गेला. ओदालिसला ते पाहवेना. ती उठली आणि मिग्दालियाकडे गेली.

मिग्दालियाची लेक यानेत गावभर आठवड्याची फाइल विकायची. मालिका, गाणी, सिनेमे, जे म्हणाल ते. घंटेचा सिनेमा शोधायला तिला तीन दिवस लागले. राजधानीतल्या कोणा शौकिनाकडे तो अख्खा मिळाला, स्वच्छ, खालच्या ओळींसकट. यानेतने तो टीव्हीला जोडायच्या छोट्या डबीत भरून आणून दिला आणि पैसेही घेतले नाहीत. म्हणाली, उर्बानोकाकांनी आम्हाला लहानपणी किती वेळा फुकट सोडलंय.

पुढच्या शुक्रवारी झडपा ओढल्या गेल्या. उर्बानोने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला त्याने मान वाकडी केली. "कोणी खोकत का नाही?" ओदालिसने सांगितलं, ही नवी प्रत आहे, राजधानीची. त्याने खुर्चीचे हात धरून ठेवले. ओळीही किंचित वेगळ्या होत्या. दर दोन ओळींमागे तो म्हणायचा, "ती असं म्हणत नाही," आणि ती म्हणायची, "इथे असंच लिहिलंय." चित्र मात्र असं लख्ख होतं की तिला नावाड्याच्या बायकोच्या बोटावरची भाजल्याची खूण पहिल्यांदा दिसली. इतक्या वर्षांत ती कधी दिसली नव्हती. ती खूण पाहून ओदालिसला का कोण जाणे, फार वाईट वाटलं.

सातवं रीळ संपलं. उर्बानोचा हात वर जाऊन खाली आला. आता आरसा आणि कात्री, म्हणून ओदालिसने घसा साफ केला. पडद्यावर बर्फ पडू लागलं आणि घंटा वाजली.

"घंटा आत्ताच कशी आली?" ती म्हणाली.

उर्बानो जागच्या जागी घट्ट झाला. "बंद कर. ही प्रत चुकीची आहे."

तिलाही तसंच वाटलं. राजधानीतल्या माणसांनी रिळं उलटसुलट केली, दुसरं काय. आपल्या गावाचा चाळीस वर्षांचा सिनेमा आपल्याला माहीत, त्यांना काय कळतंय. ती रिमोटला हात घालणार, तेवढ्यात काठावरची बाई तराफ्यावर चढली. लांब वेणी. ठिपक्यांचा कुत्रा धावत आला. घरात आल्यावर नावाडी विचारतो, "आई कशी आहे?" ही ओळ जुन्या प्रतीतही होती. गाव म्हणायचं, चार वर्षांनी आली तरी बिचारा आधी सासूची विचारपूस करतो. ओदालिस वाचायची थांबली. ही बाई आईला भेटून चार दिवसांनी घरी आली होती. बस्स, एवढंच होतं.

"बंद कर म्हटलं ना," उर्बानो म्हणाला. "मला बरं वाटत नाहीये. वीजही जाईल आता."

वीज गेली नाही. या देशात हवी तेव्हा वीज कधी गेली आहे? बर्फ वितळलं, वसंत आला. नावाडी म्हणाला, कुत्रा गेल्यापासून रात्री फार शांत असतात. बायकोने आरशासमोर वेणी कापली. जे जे जुळवायला गावाने चाळीस वर्षं डोकं खाजवलं होतं ते सगळं आपोआप जागेवर बसत गेलं. ओदालिस एकेक ओळ वाचत होती, आवाज न बदलता, सपाट. तराफा पलीकडे टेकला. "तुला न्यायला कधी येऊ?" "घंटा ऐकू आली तर ये." ती रस्त्याने गेली. नावाडी नदीच्या मध्यावर येऊन थांबला आणि कान देऊन उभा राहिला. पाणी वाहत होतं. कितीतरी वेळ नुसतं पाणी वाहत होतं. मग परभाषेतला तो एक शब्द आला, समाप्तीचा, आणि तो येताना जुन्या प्रतीत चित्राला दरवेळी बसायचा तसा धक्का बसला नाही. तिथे फिल्म जोडल्याची डिंकाची रेघ नव्हती.

ओदालिसने टीव्ही बंद केला. झडपा तशाच राहू दिल्या.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

उर्बानोने खुर्ची थांबवली. मग तो म्हणाला, "नवी प्रिंट आली की आधी एकट्याने पाहून घ्यायची, तसा नियम होता. शुक्रवारी मी पाहिली."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी तू आलीस. पिवळा झगा होता. हातात सुटकेस होती."

ओदालिस खाटेच्या कडेवर बसली. त्या दिवसाबद्दल जगात कोणालाही माहीत नाही असं ती एक्केचाळीस वर्षं समजत आली होती. ती चोवीस वर्षांची होती, लग्नाला तीन वर्षं झाली होती. ओल्गिन शहरातल्या परिचारिका शाळेत तिला जागा मिळाली होती, राहायला खाटही ठरली होती. उर्बानो म्हणाला होता, काय गरज आहे, आणि विषय संपला होता. त्या शनिवारी त्याला न सांगता ती निघाली. बस पाच चाळीसची. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि यंत्रवाल्याच्या बायकोला टॉकीजमध्ये तिकीट नसे. दोन तास गारव्यात बसावं म्हणून ती आत शिरली, तिसऱ्या रांगेत कडेला बसली, सुटकेस पायांमध्ये. बर्फातली ती घंटा वाजली तेव्हा तिचा धीर सुटला. एवढी धीट बाई, केस कापून गेलेली, तीही परत येऊन मुकाट सूप पिते. मग आपण कुठे जाणार? ती उठली, बसथांब्याच्या उलट दिशेला चालत घरी गेली, सुटकेस खाटेखाली सरकवली आणि काळा घेवडा शिजत टाकला. उर्बानो आला, जेवला, झोपला. एक शब्द बोलला नाही.

"यंत्रघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं," तो म्हणत होता. "तू शिरलीस तेव्हा दुसरं रीळ चालू होतं. हातात तास होता. शेवटचं रीळ काढलं, समाप्तीचा तुकडा कापला, आठव्याच्या शेपटाला चिकटवला. घाईत अंगठा कापून घेतला. आठवतंय? तू पट्टी बांधलीस."

आठवत होतं. तिने घेवडा ढवळता ढवळता ती पट्टी बांधली होती आणि आपण याला सोडून जाणार होतो या लाजेने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता ते आठवून तिच्या अंगाची आग झाली.

"खाली येऊन मला थांब म्हणायला काय झालं होतं?"

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

तिने खरं तेच सांगितलं. "नसते थांबले."

"म्हणून तर," उर्बानो म्हणाला.

मग तो बोलतच सुटला. एकदाच करायचं होतं, म्हणाला. पण त्या दिवशी सारं थिएटर रडलं, दुसऱ्या दिवशी अख्खं गाव तो शेवट पाहायला आलं, आणि मग सुटका नव्हती. खरा शेवट दाखवला असता तर पहिल्यांदा तूच विचारलं असतंस. जिल्ह्याच्या कचेरीने प्रिंट परत मागवली तेव्हा त्याने वादळात भिजून सडली असं कळवलं आणि दुसऱ्या गावात कोणी पाहू नये म्हणून डबे पडद्यामागे लपवले. चोवीस वर्षं दर खेळाला नववं रीळ आठव्याच्या आधी लावलं. चुकून हात सवयीने बरोबर रिळाकडे जाईल या धास्तीने डब्यांना खुणा केल्या होत्या.

"आणि आता?" ती म्हणाली. "सहा वर्षं माझ्याकडून वाचून घेतोयस ते कशासाठी?"

"घंटा वाजली की जिवाला बरं वाटतं. वाटतं, तू आहेस घरात."

"मी घरातच असते, उर्बानो. दुसरीकडे कुठे असणार? तूच तर दार चिकटवून टाकलंस." तिचा आवाज चढला नव्हता, पण उर्बानोने मान खाली घातली. "मला परिचारिका व्हायचं होतं. झाले अखेर. एकाच रोग्याची."

त्याने हात पुढे केला. तो हवेत राहिला. तिला त्याची दया आली, हे सगळ्यात वाईट. शिव्या द्याव्यात, ताट फेकावं, असं मनात येत होतं आणि डोळ्यांसमोर तो सत्तावीस वर्षांचा पोरगा येत होता, रक्ताळल्या अंगठ्याने फिल्म चिकटवणारा. कोणी कोणाला इतकं धरून ठेवावं? आणि तेही समोर येऊन नाही, भिंतीतल्या बोटभर खिडकीतून. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि रताळ्याच्या साली काढत बसली. त्या दिवशी दोघं बोलली नाहीत. टेबलावर तिने त्याच्यापुढे सूप ठेवलं तेव्हा मात्र तिला हसू फुटलं, आणि ते आवरता आवरता रडूही आलं.

शनिवारी तिने सोईलाला फोन केला. सोमवारी तीन वाजता झडपा उघड्याच राहिल्या, जपानी तलवारी डब्यात राहिल्या, आणि ओदालिस समोर मिग्दालियाच्या घरी खुर्चीत बसली होती. तिची वेणी पाठीच्या मध्यापर्यंत यायची, पिकलेली पण दाट, साऱ्या गल्लीत तिचं कौतुक होतं. मिग्दालियाने दोनदा विचारलं, नक्की ना? तिसऱ्यांदा विचारलं नाही. कात्री चालत असताना ओदालिसने तिला फक्त जेवणाच्या वेळा सांगितल्या, गोळ्या कोणत्या डबीत आहेत ते सांगितलं, आणि त्याला अंडं फार शिजलेलं आवडत नाही हेही सांगितलं. खऱ्या शेवटाबद्दल काही सांगितलं नाही. मिग्दालियाची आई 'चार वर्षं, चार वर्षं' म्हणत सुखाने गेली होती, आता कशाला उकरायचं.

ती घरी आली तेव्हा उर्बानो उन्हात बसला होता. ऊन सरळ त्याच्या तोंडावर येत होतं आणि त्याने खुर्ची हलवली नव्हती. खाटेखालून सुटकेस ओढल्याचा आवाज त्याने ऐकला. कड्या उघडल्याचा, दोन झगे आणि चपला ठेवल्याचा, कड्या लावल्याचा. तीच पुठ्ठ्याची सुटकेस, कोपरे उंदरांनी खाल्लेले. मग ती त्याच्यासमोर येऊन वाकली, त्याचा हात धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

त्याची बोटं वेणीच्या सवयीने खाली गेली आणि मानेवरच थांबली. तिथे काही नव्हतं. त्याने पुन्हा वरून सुरुवात केली, हळूहळू, कानामागून मानेपर्यंत, जणू वाचतोय. त्याचा चेहरा कसा झाला ते तिने पाहिलं. एवढ्या वर्षांत पडद्यावरच्या कोणाही माणसाच्या चेहऱ्याचं तिने त्याला वर्णन केलं असेल, हा चेहरा कोणाला सांगणार?

"बस किती वाजता?" त्याने विचारलं.

"पाच चाळीस."

"अजून तीच वेळ आहे?"

"तीच आहे."

बाहेर घोडागाडीवाला येऊन थांबला आणि हाका मारू लागला. उर्बानोने थोडं हसायचा प्रयत्न केला. "मिग्दालियाच्या आईच्या मोजणीने," तो म्हणाला, "चार वर्षं लागतील." ती हसली नाही. मग त्याने खरं विचारायचं ते विचारलं, आणि विचारताना त्याचा हात तिच्या डोक्यावरून निघाला.

"परतीचं तिकीट काढलंयस?"

"परतीचं इथे मिळत नाही," ओदालिस म्हणाली. "ते गिबारात काढावं लागतं."

तिने सुटकेस उचलली. जाताना दार तिने लोटून घेतलं नाही, तो तिथेच कान देऊन बसणार हे तिला माहीत होतं.